उघड्यावर ठेवलेलं शून्य

तुम्ही काय काम करता, असं कुणी विचारलं की मी अजूनही अडखळतो. 'कॉम्प्युटरवर आहे' म्हटलं की समोरचा माणूस आदरानं मान हलवतो आणि पुढचं काही विचारत नाही. पण ते खरं उत्तर नव्हे. कॉम्प्युटरवर आमच्या कार्यालयात पुष्कळ जण होते. एका भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रॅमकडून काम करून घेता यावं म्हणून दोघांच्या मधला तुकडा लिहिणं, हे माझं काम. आई होती तेव्हा तिनं शेजारच्या काकूंना सांगून टाकलं होतं, "मुकुंदा तिथे मध्यस्थ आहे." दुसऱ्या दिवशी काकू त्यांच्या भाचीची पत्रिका घेऊन आल्या.

आईचा शब्द मात्र बरोबर होता. मी मध्यस्थच होतो, आणि नुसता प्रोग्रॅमांमधला नव्हे.

आमचं कार्यालय नागपुरात सदर भागात, वर्दळीच्या रस्त्यावर. नद्यांच्या पाण्याचा हिशेब ठेवणारं सरकारी खातं. वरच्या मजल्यावर यंत्राची थंड खोली होती. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. नागपूरच्या मे महिन्यात या खोलीत अचानक फार महत्त्वाची कामं निघत. आस्थापना विभागातले लोक फाइली घेऊन येत, भिंतीला टेकून उभे राहत आणि घाम वाळला की परत जात.

या खोलीचे दोन धनी होते. एक घाटे साहेब. महाल भागातल्या जुन्या घराण्यातले. भोसल्यांच्या काळात पूर्वज दफ्तरात होते आणि साहेबही स्वभावानं दफ्तरातलेच. त्यांची भाषा कोबॉल. ही भाषा कार्यालयातल्या टिपणीसारखी असते. अमुक जागेतली किंमत तमुक जागेत हलवा, यात ते मिळवा, याचा अहवाल छापा. सगळं ठसठशीत वाक्यांत. लांबलचक, पण कुणाच्याही मनात संशय राहू नये असं. पगार, भांडार, अहवाल यांच्यासाठी तिच्यासारखी भाषा नाही.

दुसरे वासुदेव राऊत. सावनेरकडच्या शेतकरी घरातले, शिकून इंजिनियर झालेले. त्यांची भाषा फोरट्रान. ही गणिताची भाषा. सूत्र जसं वहीत मांडावं तसं लिहायचं, की यंत्र कामाला लागलं. नदीला किती पाणी चढेल हे काढायचं तर फोरट्रानच हवी. पण राऊतांना सुबक अहवाल छापायला सांगितला की त्यांच्या कपाळावर आठी पडे.

दोघांना एकमेकांची गरज होती आणि दोघे एकमेकांशी बोलत नसत. भांडण म्हणावं असं कधी झालंच नव्हतं. सुरुवातीला यंत्राचा वेळ कुणाला किती, यावरून काहीतरी झालं आणि मग दोघांनी मला शोधून काढलं. मला दोन्ही भाषा येत होत्या. दोन खुर्च्यांमध्ये जेमतेम टेबलभर अंतर, तरी निरोप माझ्यामार्फत.

"मुकुंदा, त्या नांगऱ्याला सांग, यंत्र म्हणजे बापाचं शेत नाही. दुपारी माझा पगार छापायचा आहे."

मी टेबलाला वळसा घालून राऊतांकडे जाई आणि सांगे, "साहेब म्हणतात, दुपारी जरा यंत्र मोकळं मिळालं तर बरं होईल."

राऊत मान वर न करता म्हणत, "तुमच्या पोथीले सांगा, माहं काम झालं का देतो. मी का झोपून राहिलो इथी?"

आणि मी घाटे साहेबांना सांगे, "राऊत म्हणतात, लवकरच देतो."

घाटे साहेब आपल्याला 'नांगऱ्या' म्हणतात हे राऊतांना कधी कळलं नाही. राऊत आपल्याला 'पोथी' म्हणतात हे घाटे साहेबांना कळलं नाही. मी दोन्ही शब्द वाटेतच गिळत असे. मला त्याचा अभिमान वाटे. कार्यालयात शांतता होती ती माझ्यामुळे, असं मी घरी सांगत असे. आज वाटतं, हे दोघे एकदा कडकडून भांडले असते तर दुसऱ्या दिवशी एकत्र चहा प्याले असते. मी ते होऊ दिलं नाही.

प्रोग्रॅमांच्या बाबतीत असा गोडवा चालत नाही. तिथे सुरुवातीला आमची फजिती झाली. घाटे साहेबांच्या प्रोग्रॅममध्ये आकडे अक्षरांसारखे लिहून ठेवलेले असत आणि राऊतांच्या प्रोग्रॅमला ते दुसऱ्या मोडणीत हवे असत. पहिल्या दिवशी उत्तर असं आलं की कन्हान नदी टेकडीवरच्या सीताबर्डीच्या किल्ल्यावरून वाहायला हवी होती. मग एकदा तक्त्याची गंमत. घाटे साहेबांची भाषा तक्ता ओळीओळीनं वाचते, राऊतांची रकान्यारकान्यानं. एकाच तक्त्याचा एकानं आडवा आणि दुसऱ्यानं उभा अर्थ लावला. कुठल्यातरी कोरड्या गावात भर मे महिन्यात धो धो पाऊस पडल्याचा अहवाल छापून आला. राऊत म्हणाले, "चांगलं झालं ना बाप्पा. त्या गाववाल्याईले कळवून टाका, पेरनी करा म्हना." त्या दिवशी घाटे साहेबही हसले. अर्थात आपल्या टेबलाकडे पाहून.

हे सगळं मी माझ्या मधल्या तुकड्यांनी जुळवून घेतलं. पण एक गोष्ट जुळवायची राहिली. ती समजण्यासाठी वाचकांनी थोडा धीर धरावा.

एक प्रोग्रॅम दुसऱ्याला हाक मारतो तेव्हा तो त्याच्याकडे आकडा पाठवत नाही. आकडा जिथे ठेवला आहे ती जागा सांगतो. शेजारणीकडे वाटी घेऊन गेल्यासारखं. वाटी आपलीच असते, ती तिच्या हातात जाते. आता आपल्याकडे रीत अशी की, शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये. काही ना काही घालूनच द्यावी. राऊतांच्या भाषेत हाच रिवाज होता. आलेल्या जागेतली किंमत वापरायची आणि काम करता करता त्याच जागेत दुसरं काही ठेवलं तरी त्यात गैर नाही. यंत्राची स्मृती तेव्हा इतकी थोडी असे की नवी जागा मागणं हीच उधळपट्टी. घाटे साहेबांच्या भाषेत मात्र एखाद्या जागेतली किंमत बदलायची तर 'हलवा' असं स्पष्ट वाक्य लिहावं लागे. ज्या जागेबद्दल असं वाक्य नाही, ती जागा त्यांच्या दृष्टीनं देवघरातली.

घाटे साहेबही काटकसरीचे. प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे शून्य लागे तिथे ते नवीन जागा करत नसत. आरंभीच एका जागेला 'शून्य' असं नाव देऊन तीत शून्य ठेवत आणि सगळीकडे तीच वापरत. आयुष्यभर त्यांनी असंच केलं आणि आयुष्यभर ते शून्यच राहिलं.

मग आमच्या कार्यालयानं ठरवलं की पावसाळ्यात रोज सकाळी यंत्रावरून पुराचं पत्रक काढायचं. नदीकाठच्या केंद्रांवरून पावसाचे आणि पातळीचे आकडे बिनतारी यंत्रानं येत. ते भोकं पाडून कार्डांवर पंच होत. घाटे साहेबांचा प्रोग्रॅम एकेका केंद्राचे आकडे राऊतांच्या प्रोग्रॅमला देई, तो उद्याची पातळी काढून देई आणि पत्रक छापलं जाई. केंद्रांचा क्रम नदीच्या वरच्या अंगाकडून खालच्या अंगाकडे. कन्हानकाठचं खापा गाव त्यात खाली, शेवटाजवळ. मधला तुकडा माझा. आम्ही मागच्या वर्षीच्या मोठ्या पावसाचे दिवस निवडून तपासणी केली. उत्तरं नदीशी तंतोतंत जुळली. मुख्य अभियंता साहेबांनी पेढे मागवले. राऊत आणि घाटे साहेबांनी आपापल्या टेबलावर खाल्ले.

पत्रक ऑगस्टमध्ये सुरू झालं, तेव्हापासून सलग पाऊस लागला आणि मग एक दिवस सगळीकडे उघडला. सदरच्या रस्त्यावर लख्ख ऊन पडलं. त्या सकाळच्या पत्रकात खाप्याला कन्हान धोक्याच्या खुणेच्या वर जाईल असं छापून आलं. आम्हाला कुणालाही शंका आली नाही. नदी वरून येते. इथे ऊन असलं म्हणून तिथे पाणी नसतं असं नाही. शिवाय यंत्रानं सांगितलं होतं. इशारा गेला.

पाणी आलं नाही. नदी उतरत गेली.

कार्यालयानं सुटकेचा निःश्वास टाकला. न आलेला पूर म्हणजे चांगली बातमीच, असं आम्हाला वाटलं. तसं नसतं हे मला एका माणसानं दाखवलं.

तीन-चार दिवसांनी खाप्याहून एक म्हातारा विणकर आला. गणपत नाव. नदीकाठच्या विणकरांच्या वस्तीत त्याचा खड्ड्याचा माग होता. खड्ड्याचा माग जमिनीत असतो, पाय खाली सोडून बसायचं. घर सोडायचं तर तो उचलून नेता येत नाही. त्यावर उभे ताणलेले शेकडो धागे असतात, त्याला ताणा म्हणतात. तो वाचवायचा तर कापून गुंडाळून न्यावा लागतो आणि परत लावायचा म्हणजे एकेक धागा एकेका धाग्याला हातानं सांधायचा. गणपतनं इशारा ऐकून ताणा कापला होता. त्याच्या गल्लीत सगळ्यांनीच कापले होते.

दारावरच्या शिपायाला तो म्हणत होता, "मले ते मशीन पाह्यचं हाय."

"काहून? मशीन का सर्कशीतलं अस्वल हाय का, पाह्यले?"

"त्यानं पानी येईन म्हनलं. मले त्याले इचारायचं हाय, कोठी हाय पानी?"

मी पुढे झालो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो, "बाबा, काही तांत्रिक कारणं असतात. खबरदारी म्हणून इशारा देतात."

म्हातारा दारातच चपला काढू लागला. मागून राऊत आले. त्यांनी त्याच्या चपला स्वतः बाजूला ठेवल्या, त्याला थंड खोलीत आणलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

"हे पाहा काका, हे मशीन."

"हे बोलते?"

"नाही. आमी जे सांगतो तेच हे परत सांगते."

"मंग तुमीच खोटं सांगतलं म्हना."

"खोटं नाही काका. चुकीचं सांगतलं. कोठी चुकलं ते पाहून राहिलो. पन चुकलं आमचंच."

गणपतनं बंडीच्या खिशातून कापलेल्या धाग्यांची टोकं काढली आणि यंत्राच्या पेटीवर ठेवली. "हे ठेवा मंग इथीच," तो म्हणाला. "सांधून सांधून बायकोच्या बोटाचे शेंडे गेले. सनाच्या आधी लुगडं द्याचं होतं, ते गिऱ्हाईक गेलं."

राऊतांनी त्याला खाली नेऊन चहा पाजला. घाटे साहेबांनी सगळं ऐकलं होतं. ते मला म्हणाले, "मुकुंदा, चूक आपली आहे हे अजून ठरायचं आहे. नांगऱ्यानं जाहीर करून टाकलं." हा निरोप नव्हता म्हणून मी तो पोचवला नाही.

चूक शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण दोन्ही प्रोग्रॅम वाचू शकणारा मी एकटा. पुष्कळ डोकं खाजवल्यावर मी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक केंद्राच्या आधी आणि नंतर प्रोग्रॅमला सगळ्या किमती छापायला लावल्या. त्यात सहज म्हणून 'शून्य'ही छापायला लावलं. शून्याची किंमत छापणं हा वेडेपणाच, पण लावलं.

कागद यंत्रातून वर येत होता आणि मी उभ्या उभ्या वाचत होतो. पहिल्या कोरड्या केंद्राच्या आधी शून्य हे शून्य होतं. नंतर ते शून्य नव्हतं. पुढच्या केंद्रानंतर आणखी वाढलं. नदी जसजशी खाली येत होती तसतसं आमचं शून्य भरत चाललं होतं.

झालं होतं असं. त्या दिवशी पाऊस नव्हता, म्हणून घाटे साहेबांचा प्रोग्रॅम 'आजचा पाऊस' म्हणून आपल्या त्या एकमेव शून्याची जागा दाखवत होता. राऊतांचा प्रोग्रॅम आदल्या दिवसांचं मुरलेलं पाणी त्याच जागेत मिळवून पुढचं गणित करत होता. परत आलेली वाटी रिकामी नव्हती. तीच वाटी घाटे साहेबांचा प्रोग्रॅम पुढच्या केंद्राला रिकामी समजून देत होता. खाप्यापर्यंत येता येता न पडलेल्या पावसाचा पूर आला. आम्ही तपासणीसाठी फक्त पावसाचे दिवस घेतले होते. त्या दिवसांत ते शून्य कुणाला लागलंच नव्हतं.

मुख्य अभियंता साहेबांच्या खोलीत चौघे बसलो. साहेब, घाटे, राऊत आणि कागदाची घडी घेऊन मी. इशाऱ्याबद्दल वरून विचारणा झाली होती. पत्रक काढण्याचं काम कुणाकडे ठेवायचं आणि कुणाकडून काढून घ्यायचं, हे त्या बैठकीत ठरणार होतं. राऊतांना हे ठाऊक होतं. ते पत्रक त्यांनी तीन उन्हाळे खपून उभं केलं होतं.

राऊत सरळ म्हणाले, "साहेब, फोरट्रानमध्ये आलेली किंमत बदलता येते. तसा रिवाजच आहे."

"रिवाज!" घाटे साहेब म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी राऊतांच्या बोलण्यावर थेट दिलेलं हे पहिलं उत्तर. "दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावायचा, हा रिवाज?"

मुख्य अभियंता साहेबांनी हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला दोन्ही भाषा येतात. तुम्ही सांगा. चूक कोणाची?"

मला उत्तर ठाऊक होतं. एकाच्या भाषेत जे पाप ते दुसऱ्याच्या भाषेत रोजचा व्यवहार. एकानं आपलं शून्य उघडं ठेवलं, दुसऱ्यानं ते वापरलं आणि दोघांच्या घरच्या रीती ठाऊक असलेला मी मध्ये बसून होतो. दोघांपैकी कुणीही आपल्या भाषेत चुकला नव्हता. एवढी तीन वाक्यं बोलायची होती.

मी घडी उलगडली आणि म्हणालो, "शून्याची किंमत राऊतांच्या प्रोग्रॅममध्ये बदलली, साहेब."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, चूक कोणाची. मी सांगितलं, बदल कुठे झाला. घाटे साहेब माझे वरिष्ठ होते, माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता, हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला दिलं. ते पुरतं खरं नाही. मध्यस्थानं स्वतःचं काही बोलू नये, ही माझी सवय होऊन बसली होती. मी इतकी वर्षं दोन्हीकडचे काटे काढून निरोप देत आलो होतो की माझ्याजवळ स्वतःचं धारदार वाक्य उरलंच नव्हतं.

राऊतांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कार्ड पंच करताना एखादं भोक चुकलं की ते त्या कार्डाकडे जसं पाहत, तसं.

राऊतांची बदली खाप्याच्या नदीमोजणी केंद्रावर झाली. कागदावर ती शिक्षा नव्हती, समकक्ष पद होतं. तिथे यंत्र नव्हतं. पाण्यात रोवलेल्या पट्ट्या होत्या, त्यांवरचे आकडे वाचून बिनतारीवरून कळवायचे. निघताना ते सगळ्यांना भेटले. मला म्हणाले, "येजा कधी तिकडं, मुकुंदभाऊ." पेटीवर ठेवलेली धाग्यांची टोकं त्यांनी कागदात बांधून बरोबर नेली.

त्यानंतर मी माझा मधला तुकडा बदलला. आता तो मूळ जागा दाखवत नसे. प्रत्येक किमतीची नक्कल करून नकलेची जागा देई. काम झाल्यावर फक्त उत्तर परत आणी. त्यासाठी मूठभर जादा कार्डं लागली आणि थोडी स्मृती. ते आधीच करता आलं असतं. मला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण सांगणार कोण? दोन्ही घरं ठाऊक असलेला मीच होतो.

त्या वर्षी मला बढती मिळाली.

घाटे साहेब नंतर निवृत्त झाले. एकदा महालात त्यांच्या घरी गेलो होतो. तब्येत उतरली होती. बोलता बोलता म्हणाले, "तो कसा आहे?" नाव घेतलं नाही.

"ठीक असावेत. खाप्यालाच आहेत."

त्यांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मुकुंदा, त्या नांगऱ्याला एक सांग. म्हणावं, दुसऱ्याच्या भांड्यात हात घालायच्या आधी विचारावं, एवढी अक्कल शेतात शिकवत नाहीत का. आणि म्हणावं, शून्य माझं होतं. मीच ते उघड्यावर ठेवलं. त्या खोलीत मला हे बोलायला हवं होतं. सांगशील?"

मी हो म्हणालो.

आणि गेलो नाही. खापा नागपूरहून किती लांब आहे हे इथल्या वाचकाला सांगायला नको. सकाळी एस.टी.नं निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं. पण राऊतांच्या समोर उभं राहून दुसऱ्याची कबुली सांगायची म्हणजे त्यांनी विचारलं असतं, अन् तुमची? दिवाळीनंतर जाऊ, होळीनंतर जाऊ, असं करता करता दोन पावसाळे गेले. मग एका सकाळी घाटे साहेब गेल्याचा निरोप आला.

तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी मी खाप्याची एस.टी. धरली.

राऊत नदीकाठी पट्टीजवळच भेटले. केस पार पिकले होते. पाण्याकडे पाहून त्यांनी आकडा वहीत टिपला आणि मग माझ्याकडे वळले, जणू मी कालच भेटलो होतो. "या. चहा घ्याचा का आधी जेवाचं?"

आम्ही त्यांच्या घराकडे विणकरांच्या गल्लीतून गेलो. मागांचा खटखट आवाज दोन्ही बाजूंनी येत होता. प्रत्येक दारातून कुणीतरी विचारत होतं, "किती हाय, राऊत साहेब?" आणि ते सांगत होते, "खाली हाय गा. इनत राहा." इथे आल्यापासून पावसाळाभर ते स्वतः गल्लीतून फिरून पातळी सांगतात, हे त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. गणपत वारला होता. त्याची सून त्याच मागावर बसली होती.

जेवताना मी घाटे साहेब गेल्याचं सांगितलं. राऊतांचा घास हातात राहिला. मग मी म्हणालो, "त्यांनी तुमच्यासाठी एक निरोप दिला होता. दोन वर्षांपूर्वी. मी आणला नाही."

"का म्हनले?"

"म्हणाले, शून्य माझं होतं, मीच उघड्यावर ठेवलं. त्या खोलीत हे बोलायला हवं होतं."

राऊतांनी हातातला घास खाल्ला, पाणी प्याले. मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "मुकुंदभाऊ, खरं सांगा. हे तुमी गोड करून तर नाही सांगून राहिले?"

माझ्या सगळ्या नोकरीचा हिशेब त्या प्रश्नात होता. ज्यांनी निरोप दिला ते राहिले नव्हते. पुरावा म्हणून माझा शब्द होता, आणि माझ्या शब्दाची किंमत समोरच्या माणसाला नेमकी ठाऊक होती.

मग मी ताट बाजूला सारलं आणि घाटे साहेबांच्या आवाजात, त्यांच्या वाक्यात, एकही शब्द न गाळता सगळा निरोप सांगितला. नांगऱ्यापासून. भांड्यात हात, शेत, अक्कल, सगळं.

राऊतांच्या भुवया वर गेल्या. "नांगऱ्या?"

"हो."

"मले नांगऱ्या म्हनत होते ते?"

"पहिल्या वर्षापासून."

"अन् तुमी कधी सांगतलं नाही?"

"नाही. तुम्ही त्यांना पोथी म्हणत होता, तेही नाही."

राऊत हसू लागले. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि मग ते हसत नव्हते. वहिनी चुलीपाशी उठून उभ्या राहिल्या. "काय झालं वं माय?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"काही नाही," राऊत म्हणाले. "घाटे साहेबाचा निरोप हाय. हा मातर त्याईचाच हाय. असं दुसऱ्या कोनाले बोलता येत नाही."

मग मी माझी तीन वाक्यं बोललो. जी त्या खोलीत बोलायची होती ती. एकाच्या भाषेतलं पाप, दुसऱ्याच्या भाषेतला व्यवहार आणि मध्ये बसलेला मी. राऊतांनी पूर्ण ऐकून घेतलं. ठीक आहे असं म्हणाले नाहीत आणि मलाही ते ऐकायचं नव्हतं. एवढंच म्हणाले, "तुमाले माहीत होतं, हे मले त्याच दिवशी माहीत होतं."

निघताना ते एस.टी.पर्यंत सोडायला आले. या दिवाळी अंकासाठी मी काहीतरी लिहायचं कबूल केलं आहे, असं त्यांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला.

"मंग त्यात माहा परत निरोप लिहा. आता दुसरीकडं कोठी पोचवनार तुमी? पन जसा हाय तसाच लिहा, बरं का."

तसाच लिहितो. वासुदेव राऊत यांनी घाटे साहेबांना कळवलं आहे: "पोथी, तुमचं शून्य झाकून ठेवत जा. मीबी पुढच्या टायमाले इचारून हात लावीन. अन् मंधात मुकुंदभाऊले घेऊ नका, आपन समोरासमोर बोलू."